दादासाहेब फाळके : एका कलावंताचा जमाखर्च

दादासाहेब फाळके हे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळाच. भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च शासकीय सन्मान १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. १९७१ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे, दादरच्या एका रस्त्याला आहे, आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. नाव इतक्या ठिकाणी कोरले गेले की ते धारण करणारा माणूस मात्र त्या अक्षरांमागे दिसेनासा झाला आहे.

त्यांची कथा आपण साधारणपणे अशी ऐकतो : मुंबईतील एका तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला, आपले देवही असेच पडद्यावर यावेत असा ध्यास घेतला, बायकोचे दागिने विकले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण केला. कथा खोटी नाही, पण ती अपुरी आहे. तो चित्रपट पाहिला तेव्हा फाळके चाळिशीत होते. त्यांच्या मागे पंचवीस वर्षांची उमेदवारी होती, दोन बुडालेले धंदे होते, सोडलेली एक सरकारी नोकरी होती आणि पुढ्यात मुलाबाळांचा संसार होता. त्या एका संध्याकाळच्या साक्षात्कारालाच आपण सारे श्रेय देऊन बसतो, तेव्हा त्यामागची वर्षे आणि त्यानंतरचे देणे ही दोन्ही खाती कोरी राहतात.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. चित्रे काढणारा, नाटकात रमणारा किंवा गाणे शिकणारा तरुण आजही घरोघर आहे, आणि त्याने आधी नोकरी धरावी असा आग्रह करणारे आईबापही आहेत. तो तरुण फाळक्यांचे उदाहरण धैर्याचा दाखला म्हणून पुढे करतो. आईबाप त्यांच्या उत्तरायुष्यातील विपन्नावस्थेकडे बोट दाखवितात. दोघांनाही फाळके अर्धेच ठाऊक असतात. म्हणून त्यांच्या आयुष्याचा जमाखर्च एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

उमेदवारीची वर्षे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुलाने वेदविद्येचा वारसा चालवावा अशी त्या घराची रीत होती. पुढे वडिलांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. पौरोहित्याच्या परंपरेतील या मुलाने १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जे. जे. कलाशाळेत नाव घातले. आपल्या मुलाने रंग आणि कुंचला हाती घ्यावा हे त्या काळच्या शास्त्र्याच्या घरात सहज पचणारे नव्हते. तरी तो पुढे थोरल्या भावाच्या आश्रयाने बडोद्यास गेला आणि तेथील कलाभवनात शिकू लागला.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेले हे कलाभवन म्हणजे त्या काळातील एक अपूर्व संस्था होती. प्राध्यापक गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे कला आणि कारागिरी यांच्यात भिंत राखली जात नसे. फाळक्यांनी तेथे तैलरंग आणि जलरंग आत्मसात केले, मूर्तिकाम केले, वास्तुकलेचा परिचय करून घेतला आणि छायाचित्रणाची रसायने हाताळली. एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती बनवून त्यांनी १८९२ च्या अहमदाबाद प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविले. हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाई शिकण्यासाठी ते रतलामला गेले. एवढी विद्या पदरी असलेल्या माणसाला तिच्यावर पोट भरता येईल असे कोणालाही वाटेल. पण तसे घडले नाही.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. ते बडोद्यास परतले, पुन्हा कॅमेरा मांडला, तर कॅमेऱ्यामुळे माणसाची शक्ती शोषली जाते व आयुष्य घटते अशी लोकांची समजूत आडवी आली. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे आले. याच काळात ते जादूचे प्रयोगही शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते करू लागले. पोटासाठी आणि हौसेसाठी केलेल्या या उद्योगांकडे त्या वेळी कोणी पाहिले असते, तर हा गृहस्थ कोठेच स्थिरावत नाही असाच निष्कर्ष काढला असता.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. पुढच्याच वर्षी पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून फाळक्यांना नोकरी लागली. सरकारी खाते, नियमित पगार आणि आवडीचे काम. मध्यमवर्गीय मनाला याहून अधिक काय हवे असते? परंतु वंगभंगानंतर देशात स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ साली फाळक्यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्यास त्यांनी छापखाना काढला. जवळच असलेल्या रविवर्मा प्रेससाठी चित्रांच्या शिळाछपाईची कामे ते करीत. पुढे छापखाना दादरला आला, पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि त्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे पडले. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी व आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. छपाईच्या दर्जासाठी छापखान्याची कीर्ती झाली. मग भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

येथवरचे आयुष्य अपयशाची मालिका वाटते. परंतु पुढे काय घडले हे ठाऊक असलेल्या वाचकाने या यादीकडे पुन्हा पाहावे. चित्रकला, मूर्तिकाम, नाट्यगृहाची रचना, छायाचित्रण, रसायने, यंत्रे, रंगविलेले पडदे, हातचलाखी. चित्रपट निर्माण करणाऱ्या एकट्या माणसाला जे जे यावे लागते, ते ते सारे या पंचवीस वर्षांनी त्यांच्या हाती दिले होते. फक्त या सर्व विद्यांना एकत्र बांधणारी कला अद्याप भारतात जन्मली नव्हती.

विम्याची पॉलिसी

ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखविली गेली होती. सावेदादा तथा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ च्या सुमारास कुस्तीसारखी दृश्ये टिपली होती. म्हणजे चित्रपट ही चीज मुंबईकरांस नवी नव्हती. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना फाळक्यांच्या मनात मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यानंतर त्यांनी जे केले ते भावनेच्या भरात उडी घेणाऱ्याचे नव्हते, अभ्यासकाचे होते. एक छोटा कॅमेरा आणि फिती मिळवून, मिळेल तो चित्रपट पाहत, रात्ररात्र ते त्यांची फोड करीत बसले. त्या अतिश्रमाने डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासे झाले आणि वेळीच मिळालेल्या उपचारांमुळेच दृष्टी परत आली. चित्रकाराच्या, छायाचित्रकाराच्या आणि चित्रपटकाराच्या भांडवलात डोळ्यांहून मोलाचे काय असते? तेच भांडवल त्यांनी सर्वांत आधी पणास लावले.

त्यानंतर प्रश्न पैशांचा आला. जो धंदा देशात अस्तित्वातच नाही, त्याला कर्ज कोणती पेढी देणार? फाळक्यांपाशी गहाण टाकण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी. बारा हजारांच्या विम्यावर त्यांनी सुमारे दहा हजार रुपये उभे केले. विमा ही माणसाने आपल्या मागे राहणाऱ्यांसाठी केलेली तरतूद असते. आपल्या पश्चात बायकामुलांना मिळावयाची रक्कम फाळक्यांनी जिवंतपणीच एका अदृश्य कलेवर लावली. या व्यवहारात धैर्य आहे हे तर खरेच, पण ते धैर्य एकट्याचे नव्हते, कारण धोका एकट्याचा नव्हता.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांची त्यांनी ओळख करून घेतली. त्यांच्या शिफारशीने सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत त्यांना प्रत्यक्ष काम पाहावयास मिळाले. विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोरी फिल्म यांची व्यवस्था करून १ एप्रिल १९१२ रोजी ते परतलेही. दोन महिन्यांत, त्यातील बराच काळ बोटीवर गेला असताना, त्यांनी एक उद्योग देशात आणला. हे शक्य झाले ते पंचवीस वर्षांच्या तयारीमुळेच.

तरीही सावकाराला पटेल असे काही दाखविणे भाग होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा त्यासमोर स्थिर ठेवून दररोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या इवल्या चित्रपटाने यशवंतराव नाडकर्णी आदी स्नेह्यांची खात्री पटली आणि कर्जाची सोय झाली. एका दाण्यावर कर्ज मिळविणारा हा कलावंत व्यवहाराला अगदीच पारखा होता असे म्हणता येणार नाही.

सरस्वतीबाईंचा वाटा

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या घरी आकाराला आला. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना. रंगभूमीवर स्त्रीपार्टी पुरुषांची परंपरा होतीच, पण चित्रपटाचे नाव काढताच पुरुषही मागे सरत. शेवटी एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, दत्तात्रय दामोदर दबके हरिश्चंद्र झाले, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग उभे राहिले. सिनेमात काम करतो असे सांगण्याची लाज वाटे म्हणून मंडळींनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, असा तोडगा फाळक्यांनी काढल्याचे सांगतात.

या कारखान्याचा दुसरा अर्धा भाग घराच्या आत चालत असे. सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत. दिवसा चित्रणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. त्या काळी कोरी फिल्म भोके न पाडलेल्या अवस्थेत येई. ती अंधारात, हाताच्या अंदाजाने यंत्रात घालून कडेला भोके पाडावी लागत, आणि त्यात चूक झाली तर पडद्यावरील चित्र हलत असे. हे काम सरस्वतीबाई रात्री करीत. फिल्म धुण्याची रसायने कालविणे, फिती जोडणे हेही त्या शिकल्या. त्यांचे दागिने गहाण पडले वा विकले गेले, ही गोष्ट प्रत्येक चरित्रात येते. त्यांच्या श्रमांचा उल्लेख मात्र पतिपरायणतेचे उदाहरण म्हणून होतो. वस्तुतः त्या भारतातील चित्रपट तंत्रज्ञांच्या पहिल्या पिढीतील आहेत. पूर्णवेळ कलावंत असा शब्दप्रयोग आपण करतो, तेव्हा त्या कलावंताचा संसार पूर्णवेळ कोणी तरी सांभाळीत असते हे सोयीस्करपणे विसरतो. फाळक्यांच्या घरी तर संसार सांभाळणारीच कलेचेही काम करीत होती.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांच्या श्रमांनी ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात तो निवडक निमंत्रितांना दाखविला गेला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. त्याआधी एक वर्ष, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ झळकला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र तो रंगमंचावरील नाट्याचे चित्रण होता आणि त्याचा कॅमेरामन इंग्रज होता. कथा, पात्रे, चित्रण, धुलाई, जोडणी हे सारे देशी हातांनी करणारा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट फाळक्यांचाच.

नाशिकचा कारखाना

पहिल्या यशानंतर फाळक्यांनी मुंबई सोडून नाशिक गाठले. हा निर्णय केवळ गावाकडच्या ओढीचा नव्हता. पौराणिक चित्रपटाला जे हवे ते नाशिकने आयतेच मांडून ठेवले होते : गोदावरीचे घाट, दगडी मंदिरे, जुने वाडे, लेणी, आणि त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर. प्रभु रामचंद्रांचा वनवास जेथे घडला असे मानतात, तेथेच रामकथेचे चित्रण करावयाचे. शिवाय विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात मोकळे आकाश आणि स्वच्छ ऊन हेच खरे स्टुडिओचे भांडवल होते.

१९१३ च्या अखेरीस ‘मोहिनी भस्मासुर’ आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि भारतीय चित्रपटाच्या पडद्यावर स्त्रीने पाऊल टाकले. पुढच्या वर्षी ‘सत्यवान सावित्री’ झाला. तिन्ही चित्रपट घेऊन फाळके १९१४ साली पुन्हा इंग्लंडला गेले. तेथे त्यांच्या कामाची वाखाणणी झाली, तेथेच राहून काम करण्याचे बोलावणेही आले. आपला उद्योग आपल्या देशातच व्हावा म्हणून त्यांनी ते नाकारले. इतक्यात महायुद्धाला तोंड फुटले. परतल्यावर भांडवल आटले होते. युद्धाची वर्षे त्यांनी कर्ज, प्रवास आणि लोकांसमोर मदतीचे आवाहन यांत काढली. आपल्या धंद्याविषयीचे विचार त्यांनी त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात लेखमालेच्या रूपाने मांडले. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. हनुमानाचे उड्डाण पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली आणि गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली अशी आख्यायिका तयार झाली. प्रोफेसर केळफाची हातचलाखी आता कॅमेऱ्यात शिरली होती.

हिशेबाची वही कोणाकडे?

नाणी बैलगाडीने येऊ लागली की भागीदारही येतात. १९१८ च्या आरंभी, मुंबईचे व्यापारी आणि वामन श्रीधर आपटे यांच्या भागीदारीने ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. फाळके आता एकटे राहिले नव्हते. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालियामर्दन’ हे चित्रपट या कंपनीचे. त्यांत बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आणि त्या मुलीच्या निरागस अभिनयाने प्रेक्षक वेडे झाले.

पण कंपनीत धुसफूस सुरू झाली होती. भागीदारांना खर्चाला मर्यादा हवी होती, चित्रपट ठरल्या वेळी हातात हवा होता. फाळक्यांना मनासारखे दृश्य साधेपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रण करावयाचे होते. यात भागीदारांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पैसा लावणाऱ्याने हिशेब मागणे हा काही अपराध नव्हे. दुसऱ्या बाजूने, ज्याने डोळे, विमा आणि घर या कलेवर लावले, त्याला दोन फूट फिल्म वाया गेल्याचा जाब विचारला जावा हे त्याच्या जिव्हारी लागणेही स्वाभाविक होते. छापखान्यातही हेच घडले होते. फाळक्यांना प्रत्येक कला साधली, परंतु आपल्या कलेच्या हिशेबाची वही आपल्या हाती कशी राखावी, ही एक विद्या त्यांना अखेरपर्यंत वश झाली नाही.

कंपनी सोडून ते सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्यात नाट्यव्यवसायावर टीका होती. नाटक रंगमंचावर आले, पण यशस्वी झाले नाही. अच्युतराव कोल्हटकरांनी ‘संदेश’मधून त्यांना परत बोलाविले आणि वाचकांनीही तशी पत्रे लिहिली. १९२२ च्या सुमारास ते नाशिकला परतले, ते त्याच कंपनीत दरमहा हजार रुपयांचे पगारी निर्मितिप्रमुख म्हणून. सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र कलावंत व्हावयास निघालेला माणूस सोळा वर्षांनी स्वतः निर्मिलेल्या उद्योगात नोकर झाला. पगार त्या काळाच्या मानाने भरघोस होता, पण मालकी गेली होती.

बोलपटाच्या युगात

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट त्या वेळी पैशाअभावी रखडत होता. १९३२ मध्ये तो पुरा झाला तेव्हा प्रेक्षकांचे कान बदलले होते. मागाहून त्याला ध्वनीची जोड देण्यात आली, पण गेलेला काळ परत आला नाही. त्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट झळकला. कथा तीच हरिश्चंद्राची. १९१३ साली जी तारामती एका आचाऱ्याने रंगविली, तीच आता दुर्गा खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्रीने साकार केली. फाळक्यांच्या वीस वर्षांच्या श्रमांनी समाजात केवढे अंतर तोडले याचे याहून चांगले माप सापडणार नाही. मात्र ते अंतर तोडणारा आता मागे पडला होता.

कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. १९३७ साली तो प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचे वय ६७ होते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या उगमाशी जन्मलेल्या या कलावंताची अखेरची कृती गंगेच्या अवतरणाची असावी हा योगायोग विलक्षण होय. १९३९ साली चित्रव्यवसायाने आपला रौप्यमहोत्सव साजरा केला, तेव्हा या वृद्धाची आठवण काहींना झाली आणि त्यांच्यासाठी निधी जमविण्यात आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. महायुद्धाच्या आणि स्वातंत्र्यलढ्याच्या त्या धामधुमीत, लहानमोठे मिळून शंभराच्या आसपास चित्रपट करणाऱ्या या माणसाच्या जाण्याची दखल बेताचीच घेतली गेली. त्या चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रयत्नांनी काही रिळे वाचली, तेवढाच ठेवा आपल्या हाती आहे.

शिल्लक काय उरते?

या जमाखर्चातून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट त्या तरुणाने ध्यानात घ्यावी. फाळक्यांनी नोकरी सोडली म्हणून ते कलावंत झाले नाहीत. नोकरी, छापखाना, रंगविलेले पडदे, जादूचे प्रयोग यांतील प्रत्येक काम त्यांनी विद्यार्थ्याच्या वृत्तीने केले आणि त्यातील काहीही वाया जाऊ दिले नाही. चाळिशीत उडी घेतली तेव्हा त्यांच्या पायाखाली पंचवीस वर्षांचा भराव होता. दुसरी गोष्ट आईबापांसाठी. फाळक्यांच्या उत्तरायुष्यातील ओढग्रस्तीला त्यांची कला कारण नव्हती. कलेच्या धंद्यात भांडवल, मालकी आणि म्हातारपण यांची कोणतीही व्यवस्था समाजाने केली नव्हती, हे तिचे कारण होते.

ती व्यवस्था नंतर हळूहळू झाली. १९६० साली चित्रपटांना कर्ज देण्यासाठी चित्रपट वित्त महामंडळ निघाले, त्याच वर्षी पुण्यात चित्रपट शिक्षणाची संस्था निघाली. चित्रपटाला उद्योगाचा दर्जा मिळावयास मात्र १९९८ साल उजाडले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर पंच्याऐंशी वर्षे या धंद्याला बँकेची दारे सरळपणे उघडी नव्हती. फाळक्यांना विम्याची पॉलिसी गहाण टाकावी लागली ती याचसाठी.

चित्रपट हा तरी पैसा खेचणारा धंदा आहे. चित्रकार, शिल्पकार, लोककलावंत, लहान गावातील नाटकवाले यांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांपैकी कोणाच्या घरी आजही एखादी सरस्वतीबाई चादर धरून उभी असेल, आणि कोणाच्या कपाटातील विम्याचा कागद गहाण पडला असेल. थोरांच्या नावाने पुरस्कार देणे हे समाजाला शोभतेच. परंतु ज्याच्या नावाने सर्वोच्च पुरस्कार द्यावयाचा, त्याच्यावर आलेली पाळी दुसऱ्या कोणा कलावंतावर येऊ नये, याची तरतूद करणे हे त्या नावाचे खरे ऋण आहे. ते ऋण अद्याप पुरते फिटलेले नाही.